कॅप्टन साळव्यांची किळस

शेवयांची खीर मी खात नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी वाटी घेऊन आला की मी पानावर हात आडवा धरतो. यजमान आग्रह करतात, बायको डोळे वटारते, शेजारचा विचारतो, "मास्तर, शुगर आहे का?" मी हो म्हणून मोकळा होतो. खरं कारण पंगतीत सांगण्यासारखं नाही. ऐन तारुण्यात मी नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या एका गावी प्राथमिक शिक्षक होतो आणि तिथं माणसांच्या पायातून निघणारा नारू पाहिला. पांढरा, ओला, शेवईएवढा जाड आणि हातभर लांब. ओट्या-ओट्यावर माणसं पाय पसरून बसलेली असत, काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढून काढत, आणि काढता काढता पिकापाण्याच्या गप्पा मारत. शेजारीच परातीत भाकरी असे. माशा दोन्हीकडे सारख्याच बसत.

गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून मला लग्नाच्या पत्रिका पाठवतात. अशा ठिकाणी "माणसं मात्र मोठी प्रेमळ होती" असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मी ती पाळणार नाही. मला त्या गावाचा वीट आला होता, अजून आहे. त्या गावातली एकच आठवण मी जपून ठेवली आहे, आणि ती ज्या माणसाची आहे, तो तर माझ्याहून शंभरपट किळसखोर होता.

कॅप्टन डॉक्टर शमुवेल साळवे. एस.टी. थांब्याजवळच्या सोसायटीच्या जुन्या गोदामात त्यांचा दवाखाना होता. उंच, काळेसावळे, कातरलेली मिशी, खाकी अर्धी चड्डी, पांढरा शर्ट आणि पायात बूट. त्या गावात धुळीशिवाय दुसरं काही पिकत नव्हतं, पण साळव्यांच्या बुटात तुम्हाला आपलं तोंड दिसायचं. कमरेला लष्करातली खाकी कापडाची पाण्याची बाटली लटकलेली. तिच्यातल्या पाण्याखेरीज त्या गावात त्यांनी दुसरं पाणी प्यालेलं मी एकदाच पाहिलं. ते पुढं येईलच.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो पोट बिघडलं म्हणून. दारात बादली, तांब्या आणि लाल साबण. मी त्याकडे दुर्लक्ष करून आत गेलो. साहेबांनी नाडी बघण्याऐवजी माझी बोटं धरून उजेडात नेली.

"पोरांना शिकवता?"

"हो."

"या नखांनी?"

मला बाहेर जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन यावं लागलं. मग त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"बारवेचं. सगळं गावच पितं."

"गाळून?"

"नाही."

"मग मास्तर, तुम्ही पाणी पीत नाही. तुम्ही गावाचे पाय पिता."

मला तिथंच मळमळलं. त्यांना त्याचा आनंद झालेला दिसला. "शाबाश," म्हणाले, "घाण वाटली ना? मग तुम्ही जगाल. ज्याला घाण वाटायची बंद झाली तो मेला, फक्त तिरडी यायची राहिली." हे त्यांचं लाडकं वाक्य होतं. दिवसातून चारदोनदा तरी ते कोणाला ना कोणाला ऐकवत.

पाय पिण्याची गोष्ट अक्षरशः खरी होती. गावची बारव म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर. बायका पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहत आणि घागर बुडवत. पाण्यात पाय बुडवल्याशिवाय घागर भरताच येत नसे. ज्याच्या पायाला नारूची जखम, तोही तिथंच उतरणार, कारण गार पाण्यात ठणका थांबतो. पाय पाण्यात गेला की नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो. ती पाण्यातल्या बारक्या किड्यांच्या पोटात जातात, किडे माणसाच्या पोटात, आणि वर्षभरानं नवा नारू नव्या पायातून तोंड बाहेर काढतो. हे सगळं साळव्यांनी मला समजावलं. बारवेच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते, साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे. नवरा-नवरीनं लग्नानंतर बारवेत उतरून पाय भिजवले नाहीत तर संसाराला आसरांची नजर लागते, असं गाव मानत होतं. नवी नवरी त्या गावात यायची ती अशी नारूच्या स्वागताला पाय घालूनच.

साळव्यांची शिस्त लष्करी होती. रोगी रांगेत. रांग मोडली की "लाइन में!" अशी आरोळी, की बाहेरची कुत्री उठून चालायला लागत. एकदा गावचे सरपंच अण्णा मानेवर गळू झालं म्हणून आले. पांढरं धोतर, डोक्याला कोशापटका, मागं दोघं गडी. ते सरळ आत शिरले.

"लाइन में," साळवे मान वर न करता म्हणाले.

"डाक्टर, आमी सरपंच हाय."

"गळू सरपंच आहे का? मग लाइन में. आणि आधी हात धुऊन या."

अण्णा हसले. ते नेहमी हसत. त्यांचं हसू फार गोड होतं आणि मला त्या हसण्याची शिसारी येई. ते मागं जाऊन रांगेत उभे राहिले, त्यांनी हात धुतले, गळू फोडून घेतलं. जाताना म्हणाले, "औषदाला विटाळ नसतो म्हनून आलो बरं का, सायेब." आणि पुन्हा हसले. साळवेही हसले. मला ते वाक्य कळायला थोडा वेळ लागला.

गावाच्या खालच्या अंगाला एक वाडा होता. कागदावर हरिजनवाडा, लोकांच्या तोंडात महारवाडा. साळव्यांचा आजा तिथला. तो नगरला मिशनच्या कंपाउंडात गेला, ख्रिस्ती झाला, मुलगा मास्तर झाला, नातू लष्करात अधिकारी. आणि एवढं सगळं झाल्यावर नातू परत त्याच गावात येऊन दवाखाना थाटतो, याचं कोडं मला कधी सुटलं नसतं. पण एका सकाळी ते अंगणात पाणी गाळत होते तेव्हा त्यांनीच सांगितलं. धोतराचं चौपदरी फडकं हंड्यावर ताणून ते पाणी ओतत, आणि ओतताना बोलत.

"बासष्टला आम्ही डोंगरात होतो. चीनकडच्या बाजूला. माझ्या हाताखाली चांगली धडधाकट माणसं होती, निम्मी आपल्याच जिल्ह्यातली. गोळी यायच्या आधी हगवण आली मास्तर. वरच्या छावणीची सगळी घाण ज्या नाल्यात उतरत होती, त्याच नाल्याचं पाणी खाली आम्ही पीत होतो. लढायचा हुकूम आला तेव्हा माझे जवान दगडाआड चड्ड्या सोडून बसले होते. एक पोरगा तसाच गेला. स्वतःच्याच घाणीत. त्याच्या आईला मी लिहिलं, तुमचा मुलगा शौर्यानं लढता लढता पडला."

त्यांनी फडकं पिळलं, उलटं करून उन्हात टाकलं.

"मग ठरवलं, बंदूक पुरे. राजीनामा लष्करानं बरेच दिवस अडवला. तिशी ओलांडून मी मेडिकल कॉलेजात मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या बाकावर जाऊन बसलो. ती पोरं मला काका म्हणायची."

"पण मग याच गावात का?"

"सांगतो. माझ्या आज्याला या बारवेची पायरी कधी उतरू दिली नाही. तो आणि त्याची माणसं ओढ्याच्या वाळूत झिरे उकरून पाणी प्यायची. वाळूतून गाळलेलं. तुम्ही खालच्या वाड्यात फिरून या, एकाच्या पायाला नारू सापडतो का बघा. या गावानं आमच्यावर उपकार केला तो हा एवढाच. म्हटलं, परतफेड करावी."

मी खालच्या वाड्यात गेलो. एकाच्याही पायाला नारू नव्हता.

साळव्यांना एकच गोष्ट हवी होती. बारवेच्या पायऱ्यांच्या तोंडाशी कमरेपेक्षा उंच भिंत घालायची, म्हणजे कोणाचा पाय पाण्यात जाणार नाही, आणि वर लोखंडी कप्पी बसवून पाणी दोरानं शेंदायचं. दगड गावात पडले होते, गवंडी गावात होता. एवढंसं काम. त्यासाठी त्यांनी गावाचे उंबरे झिजवले.

आधी ते शाळेत आले. मुलांना म्हणाले, बारवेचं पाणी बाटलीत भरून आणा. स्वतः ते बारवेत कधी उतरत नसत. "मी उतरलो तर गाव एका दिवसात पाणी प्यायचं थांबेल," असं म्हणून हसत. "विचार वाईट नाही, पण मग पितील काय?" बाटली त्यांनी खिडकीतल्या उन्हात धरली आणि पुढं भिंग लावलं. मुलं एकेक करून बघू लागली. पाण्यात पांढरे ठिपके झटके देत नाचत होते. एका मुलीला तिथंच उलटी झाली. साहेब इतके खूश झाले की त्यांनी तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी पालक माझ्या दारात. पोरं पाणी पीत नव्हती. "गुर्जी, ह्यो किरिस्ताव आसरांचं पानी काचंत धरून पोरांला भ्या दावतो, आन् तुमी बगत बसता व्हय?" एक बाई तर म्हणाली की पाण्यात दिसल्या त्या आसराच, नाचत होत्या. मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना.

शेवटी चावडीवर बैठक बसली. साळव्यांनी सगळं शांतपणे सांगितलं. किडे, पाय, पाणी, वर्ष. लोक तंबाखू मळत ऐकत होते. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या पायाला चिंध्या बांधलेल्या. मग साळव्यांच्या तोंडून ते वाक्य निघालं. खरं म्हणजे त्यांचा सगळ्यात बिनतोड पुरावा तोच होता.

"खालच्या वाड्यात एकालाही नारू नाही. विचार करा, का नाही?"

तंबाखू मळायची थांबली. मी अण्णांकडे बघितलं. ते हसत होते, पण कान लाल झाले होते.

"म्हंजी सायेब," अण्णा म्हणाले, "त्येंचं पानी चोख आन् आमचं पानी बाटल्यालं, आसंच ना?"

"पाण्याला जात नसते सरपंच. किडे असतात किंवा नसतात."

मला वाटलं, संपलं. पण अण्णा मुरलेले होते. ते उठले आणि म्हणाले, "भित घालू. आमचं न्हाई म्हननं न्हाई. पर आसरांची रजा घ्याया पायजे. चैत्रातल्या पुनवंला समदं गाव येकडाव बारवंत उतरंल, पाय धुईल, तीर्थ घेईल, आन् त्येच दिशी भित. आन् सायेब, तुमीबी तीर्थ घ्यायचं. तुमच्या मनात आमच्या देवाइशयी काय वाकडं न्हाई, ह्ये गावाला दिसाया पायजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. साळव्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नारू थांबवायला पायऱ्या बंद करायच्या, आणि पायऱ्या बंद करण्याआधी झाडून सगळे नारूचे पाय एकदम पाण्यात घालायचे! असली अक्कल फक्त आपल्याकडेच पिकते. घरी येताना ते एवढंच बोलले, "भिंत होतेय ना. होऊ दे."

पौर्णिमेला बारवेवर जत्रा भरल्यासारखी गर्दी झाली. हलगी वाजत होती. पायऱ्यांच्या तोंडाशी दगड रचलेले, चुन्याचं घमेलं तयार, गवंडी थापी घेऊन बसलेला. साळवे काठावर उभे होते, बूट चकाकत होते, कमरेला बाटली. पहिला मान अण्णांच्या म्हाताऱ्या आईचा. तिला दोघांनी धरून पाण्याजवळच्या पायरीवर नेलं. तिनं खाली बसून पायाची चिंधी सोडली. घोट्याजवळ नारू बाहेर लोंबत होता, काडी बांधलेला.

"थांबा!" साळवे ओरडले. "आजी, पाय घालू नका! निदान तुम्ही नका!"

"आरं बाबा, आसरांलाच दावायला आले म्या," म्हातारी म्हणाली. "त्याच बरी करत्याल." आणि तिनं पाय पाण्यात सोडला, आणि "आगं बाई, गार वाटलं," म्हणून डोळे मिटले. तिच्यामागं चिंध्या सोडत अख्खं गाव उतरलं. मी शाळेच्या मुलांना घेऊन वर उभा होतो. पाण्यावर तवंग आला. मला तो अजून दिसतो.

मग तीर्थ. अण्णांनी तांब्या बुडवून भरला आणि वर आले. आम्हा सगळ्यांच्या हातावर थोडं थोडं घातलं. मी ओठाला लावल्यासारखं केलं आणि हात डोक्यावरून फिरवला. असं सगळेच शहाणे लोक करतात आणि मला त्यात आजही काही वावगं वाटत नाही. साळव्यांनाही तसं करता आलं असतं. पण अण्णा त्यांच्यासमोर थांबले, आणि हलगी थांबली.

"ओंजळ धरा, सायेब."

साळव्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला आणि ओंजळीवर पसरायला लागले.

"ह्ये काय?"

"गाळून घेतो."

"आवो, तीर्थ कुनी गाळतं व्हय?" अण्णांनी गावाकडे वळून विचारलं. लोक खदखदून हसले. "गाळून घ्यायचं आसंल तर ऱ्हाऊ द्या. आमची जबरदस्ती न्हाई. गवंड्या, ऊठ रं."

गवंडी खरंच उठायला लागला. साळव्यांनी त्याच्याकडे पाहिलं, रचलेल्या दगडांकडे पाहिलं. मग रुमालाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

"भिंत आज होणार?"

"आत्ता. तुमच्या डोळ्यांम्होरं."

त्यांनी ओंजळ धरली. अण्णांनी तांब्या चांगला हातभर उंच धरून वरून पाणी ओतलं. माझं लक्ष त्या उंचीकडे गेलं. ज्याच्या आज्याला या पाण्याची सावलीही घेऊ दिली नाही, त्याला गाव ते पाणी बळंच पाजत होतं, आणि पाजतानासुद्धा आपला तांब्या विटाळू नये म्हणून वरून ओतत होतं. साळवे ते पाणी सावकाश, ओंजळ रिकामी होईपर्यंत प्यायले. त्या माणसाच्या नरड्याची हालचाल बघवत नव्हती. मग त्यांनी शर्टाला हात पुसले आणि गवंड्याला म्हणाले, "चलो. शुरू करो."

भिंत पूर्ण होऊन कप्पी बसेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. नंतर दवाखान्यामागं मिठाचं पाणी पिऊन त्यांनी ओकाऱ्या काढल्या, आतडी बाहेर येतील अशा. मी पाठीवर हात फिरवायला गेलो तर हात झटकून म्हणाले, "दूर राहा मास्तर. घाण आहे." आणि तोंड पुसून हसले. "पण भिंत बघितलीत? ओळंब्यात आहे."

त्या वर्षी पाऊस झाला नाही. सगळीकडेच झाला नाही. दुष्काळी कामं निघाली, माणसं खडी फोडायला गेली, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या आणि सरकारी सुकडी खाऊन जगली. माझे विद्यार्थी आईबापांबरोबर कामावर जात, शाळा रिकामी. पण बारवेची भिंत टिकली. बायका कुरकुरत का होईना, कप्पीनं पाणी शेंदत. साळवे रोज सकाळी बारवेवर जाऊन भिंतीवरून हात फिरवून येत, जसं एखादा शेतकरी बैलाच्या पाठीवर फिरवतो.

पाऊस का पडला नाही याची कारणमीमांसा पारावर सुरू झालीच होती. आसरांची वाट अडवली म्हणून. मिलो कडू का लागतो? भिंत घातली म्हणून. अण्णा काही बोलत नसत, नुसते हसत.

फाल्गुन संपता संपता साळव्यांच्या डाव्या घोट्यावर फोड आला. त्याआधी दोन दिवस अंगावर पित्त उठलं होतं. फोड फुटला आणि पांढरं टोक दिसलं. मला निरोप आला म्हणून मी धावत गेलो. दवाखान्याच्या ओट्यावर खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर पाय. नारू काडीला गुंडाळलेला. मला ओकारी आली. आणि साळवे? साळवे लग्नघरच्या माणसासारखे आनंदात होते.

"मास्तर, याहून पुरावा कोणता पाहिजे? मी दोन वर्षं या गावात आहे. एकदाच ओंजळभर न गाळता प्यालो, सगळ्यांच्या देखत. कधी? मागच्या चैत्रात. आणि हा बाहेर कधी आला? बरोबर वर्षानं. आता आंधळ्यालाही दिसेल. बोलवा सगळ्यांना, पाय बघायला या म्हणावं."

ज्या माणसाला दुसऱ्याच्या नखातली घाण सहन होत नव्हती, तो स्वतःच्या पायातला किडा गावाला दाखवत बसला. येईल त्याला तेच समजावून सांगत होता. लोकही आले. झुंडीनं आले. बघितलं, "च् च्" केलं, एकमेकांकडे अर्थपूर्ण पाहिलं आणि गेले.

संध्याकाळी मी पारावरून चाललो होतो. तिथं निकाल लागला होता.

"वाट अडीवली आसरांची. दिला का न्हाई दनका?"

"बरुबर पायालाच धरला बगा."

"आन् ज्येला सोताचा नारू हटंना, त्यो दुसऱ्याचा काय बरा करनार, कपाळ?"

अण्णा पारावर बसले होते. मला बघून म्हणाले, "गुर्जी, आमचं काय न्हाई बगा. पर गावापुढं आमचं काय चालतंय?" आणि हसले. मी त्या माणसाच्या तोंडावर थुंकलो असतो. शिक्षणखात्यानं थुंकायची सवलत दिलेली नव्हती.

चैत्रात, पौर्णिमेच्या आत, त्यांनी भिंत पाडली. पहारी घेऊन दिवसाढवळ्या, हलगी लावून. साळवे काठी टेकत तिथं आले. सगळ्यांच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "अरे, मी तुमच्यासाठी प्यालो रे ते." एवढंच. आरोळी नाही, "लाइन में" नाही. कोणीतरी त्यांना बाजूला घेतलं, दगड लागेल म्हणून. काळजीनं घेतलं, हे विशेष. पडलेल्या भिंतीवरून पहिल्यांदा उतरली ती अण्णांची नवी सून, हळदीच्या अंगाची, आणि तिनं दोन्ही पाय पाण्यात घातले. दुष्काळानं बारवेत आता डबकंच उरलं होतं.

मी बदलीचा अर्ज केला. मला त्या गावात अन्न गिळेना. नेवासे तालुक्यात, घोडेगावच्या अलीकडे, शाळा मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी साळव्यांकडे गेलो आणि म्हटलं, "साहेब, तुम्हीही चला. नगरला दवाखाना घाला. या लोकांसाठी कशाला कुजता?"

ते काडीवर नारू गुंडाळत होते. हात थांबला नाही. "मला यांची किळस येते मास्तर," ते म्हणाले, "तुमच्याहून जास्त येते. पण किळस आली की तुम्ही तोंड फिरवता, आणि मला फिरवता येत नाही. एकदा डोंगरात, त्या पोरापासून फिरवलं होतं." मग काडी पट्टीखाली खोचून, "सकाळची गाडी बारवेवरूनच जाते ना? बघा जाता जाता."

सकाळी एस.टी. बारवेपाशी रोजच्यासारखी उभी राहिली. मी खिडकीतून पाहिलं. पडलेल्या भिंतीच्या बाहेर, पायऱ्यांच्या वर, साळवे एका दगडावर बसले होते. डावा पाय कोरड्या फरशीवर पसरलेला, पट्टी बांधलेली. बूट एकाच पायात, आणि तो चकाकत होता. मांडीवर चौपदरी पांढरं फडकं. भरलेल्या घागरी घेऊन वर येणाऱ्या बायकांना ते थांबवत होते. रिकामी घागर खाली, तिच्यावर फडकं, भरलेली घागर वरून ओतायची, की पाणी गाळून निघतं. काहीजणी हसून पुढं जात. काही थांबत. त्या थांबलेल्यांची एक वेडीवाकडी रांग झाली होती.

रांगेत अण्णांची नवी सून होती. तिचा नंबर लागला. तिनं रिकामी घागर खाली ठेवली आणि साळवे घागरीच्या तोंडावर फडकं ताणायला लागले, तशी ती घाबरून चटकन मागं सरली. वाईट बुद्धीनं नव्हे. पोर होती, घरात शिकवलं तेच बोलली.

"सायेब, फडकं वरनं धरा. घागरीला शिवू नका."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलता हलता मी पाहिलं. साळव्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. दोन्ही हातांनी फडकं घागरीच्या वर वीतभर उचलून धरलं, फडकं हलू नये म्हणून उजवं कोपर गुडघ्यावर टेकलं, आणि म्हणाले, "ओत, बाळ. सावकाश ओत."